उत्पादन ८० टक्के तयार, ग्राहक शून्य: संस्थापक झालेल्या एका प्रोग्रामरच्या प्रश्नांना उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. ९ वर्षे प्रोग्रामर म्हणून नोकरी केलेल्या एका गृहस्थांनी ८ महिन्यांपूर्वी राजीनामा दिला आणि एका जुन्या सहकाऱ्याबरोबर, यंत्रांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या लहान कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायला घेतले. कोणता तंत्रज्ञ कुठल्या कामावर गेला, कोणता सुटा भाग बदलला, पुढची तपासणी कधी आहे, याच्या नोंदी त्यात राहतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे उत्पादन ८० टक्के तयार आहे. १४ कंपन्यांना डेमो दाखवला, १३ ठिकाणी कौतुक झाले आणि एका मालकाने मात्र आपल्या स्प्रेडशीटमधले रकाने या सॉफ्टवेअरमध्ये का बसत नाहीत यावर अर्धा तास हुज्जत घातली. पैसे कोणीच दिलेले नाहीत. घरची शिल्लक आणखी ७ महिने पुरेल. सहकारी अजून नोकरीत आहे, फक्त संध्याकाळी वेळ देतो, आणि दोघांचा हिस्सा निम्मा-निम्मा ठरलेला आहे. त्यांनी विचारले आहे की विक्रीसाठी माणूस नेमावा का, घाईत लिहिलेला सुरुवातीचा कोड आता नीट पुन्हा लिहून काढावा का, सहकाऱ्याशी हिश्श्याचा विषय कसा काढावा, आणि दिवसभर राबूनही संध्याकाळी हातात काहीच नाही असे का वाटते.

शेवटचा प्रश्न वरवर पाहता मनःस्थितीचा वाटतो, पण बाकीच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच्याच पोटात आहेत, म्हणून मी तिथून सुरुवात करतो.

प्रोग्रामरला त्याचे काम उत्तर देते, आणि तेही लगेच देते. कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, कोणाची भीड बाळगत नाही. कोड तपासणारी टेस्ट हिरवी होते किंवा लाल होते, आणि लाल झाली तर कितव्या ओळीवर गाडे अडले तेही सांगते. अशी लहान लहान उत्तरे दिवसातून ३०-४० वेळा मिळण्याची सवय तुम्हाला ९ वर्षे लागलेली आहे. शिवाय नोकरीत काय बनवायचे हे दुसऱ्या कोणीतरी ठरवलेले असते, त्यामुळे ते चुकीचे निघाले तरी बोल तुम्हाला लागत नाही. आता तुम्ही मंगळवारी एखाद्या मालकाशी बोलता, तो ‘बघून कळवतो’ म्हणतो, आणि हा होकार होता, नकार होता की त्या दिवशी त्याला फक्त घाई होती, हे सहा आठवड्यांनीही कळत नाही. माणसांच्या नकाराबरोबर एरर लॉग, म्हणजे काय बिघडले याची नोंद, येत नाही. मग हात आपोआप तिकडे वळतो जिथे उत्तर मिळते, म्हणजे कोड लिहिण्याचा एडिटर उघडला जातो, आणि संध्याकाळपर्यंत एखादा अवघड बग सुटतो. तरीही मनाला आतून ठाऊक असते की आज ज्या उत्तराची गरज होती ते हे नव्हते. तुमची रिकामी वाटणारी संध्याकाळ हीच आहे, आणि ती खोटी नाही.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहितो. १२ वर्षे कोड लिहिल्यानंतर मी पहिली कंपनी काढली. ती अडीच वर्षांत बंद करावी लागली. दुसरी टिकली. पहिल्या कंपनीतला एक आठवडा मला लख्ख आठवतो. तीन ग्राहकांना फोन करून ‘तुम्ही गेले दोन आठवडे लॉगिन का केले नाही’ एवढेच विचारायचे होते. त्या आठवड्यात मी अहवालांसाठीची परवानगीव्यवस्था संपूर्ण नव्याने लिहिली. काम उत्तम झाले होते, आणि गोची तिथेच होती. मी पत्ते खेळत बसलो असतो तर स्वतःलाच लाज वाटली असती. चांगला कोड लिहीत बसलेल्या माणसाला कोणी नावे ठेवत नाही, तो स्वतःही नाही.

त्याच कंपनीतला आणखी एक प्रसंग जरा तपशिलात सांगतो, कारण तुमच्या ८० टक्क्यांशी त्याचा थेट संबंध आहे. आमचे सॉफ्टवेअर फिजिओथेरपीच्या लहान दवाखान्यांसाठी, रुग्णांच्या भेटींच्या वेळा ठरवण्याचे होते. एक दवाखाना ते रोज वापरत होता, पण नोंदी विचित्र येत होत्या: दुपारी एकच्या सुमारास एकगठ्ठा २०-२५ आणि रात्री आठला पुन्हा तितक्याच. मला वाटले, सिंक, म्हणजे त्यांच्याकडच्या नोंदी आमच्याकडे पोहोचणे, कुठेतरी अडकते आहे. मी दोन दिवस लॉग वाचले, रांगेतल्या संदेशांचे आलेख काढले, एक संशयित बगही सापडला, तो दुरुस्त केला आणि फरक शून्य पडला. शेवटी नाइलाजाने तिथे जाऊन रिसेप्शनच्या टेबलामागे एका खुर्चीवर बसलो. तिथल्या बाई फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरून बोलत, उघड्या वहीत पेन्सिलीने नाव आणि वेळ लिहीत, आणि जेवणाच्या सुट्टीत ती सगळी यादी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकत. कारण साधे होते. आमचा फॉर्म जन्मतारीख आणि ईमेल भरल्याशिवाय जतनच होत नव्हता, आणि फोनवर पाठदुखीने कण्हणारा माणूस आपला ईमेल सांगत बसत नाही. ते दोन्ही रकाने मी सक्तीचे केले होते, कारण एकाच नावाचे दोन रुग्ण आले की डेटाबेसमध्ये मला त्रास होत असे. म्हणजे माझा त्रास मी त्या बाईंच्या गळ्यात बांधला होता. सक्ती काढायला २० मिनिटे लागली. तिथवर पोहोचायला ११ महिने लागले होते. तुम्ही कधी तक्रार का केली नाही असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “मला वाटलं, सॉफ्टवेअर असंच असतं.”

त्यामुळे उत्पादन ८० टक्के तयार आहे असे तुम्ही म्हणता तेव्हा मला विचारावेसे वाटते की हे ८० टक्के नेमके कशाचे? शंभर म्हणजे काय, हे अजून तुमच्याशिवाय कोणीच ठरवलेले नाही. उरलेल्या २० टक्क्यांची यादी तुम्ही तयार केली, तुम्हीच तिला प्राधान्यक्रम दिला, आणि ती संपली की ग्राहक येतील हे गृहीतही तुमचेच आहे. माझा अंदाज असा की त्या यादीतल्या बहुतेक गोष्टी कोणाला नको आहेत, आणि जी एक गोष्ट नसल्यामुळे पैसे येत नाहीत ती यादीतच नाही.

ही चूक हुशार माणसांकडूनही होते. २००४ मध्ये स्थापन झालेल्या आयएमव्हीयू या कंपनीचे तेव्हाचे तांत्रिक प्रमुख एरिक रीस यांनी आपली कथा जाहीरपणे सांगितलेली आहे. त्रिमितीय पात्रांमधून गप्पा मारण्याचे त्यांचे सॉफ्टवेअर लोकांच्या आधीच्या मेसेंजर सेवांशी जोडले जावे, कारण नवी मित्रयादी तयार करण्याचा खटाटोप कोणी करणार नाही, असे त्यांनी पक्के धरले होते. त्या जोडणीसाठी सहा महिने राबून कोड लिहिला. नंतर प्रत्यक्ष माणसांना समोर बसवून पाहिले, तर अनोळखी गोष्ट आपल्या जुन्या मित्रांना पाठवण्याचा त्यांना संकोच वाटत होता आणि नवे मित्र करायला मात्र ते राजी होते. जोडणीचा बहुतेक कोड टाकून द्यावा लागला. रीस यांना नंतर सलणारी गोष्ट कोड वाया गेल्याची नव्हती. तो न लिहिताही हे कळले असते, ही होती.

आता १३ कौतुकांकडे वळू. डेमो संपल्यावर तुम्ही बहुधा ‘कसे वाटले?’ आणि ‘असे काही मिळाले तर वापराल का?’ असे विचारले असणार. समोरचा माणूस सभ्य असेल तर या प्रश्नांना ‘छान आहे’ आणि ‘नक्की’ यांखेरीज दुसरे उत्तरच नाही. भविष्याबद्दल विचारलेल्या प्रश्नाला लोक शिष्टाचाराने उत्तर देतात. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल विचारले तर त्यांना आठवून बोलावे लागते. म्हणून विचारायचे ते असे: मागच्या वेळी एखादी तपासणी विसरली गेली ती कधी? मग काय झाले, ग्राहकाने काय म्हटले, किती खर्च आला? ती पुन्हा विसरली जाऊ नये म्हणून तुम्ही त्यानंतर काय केले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘काही नाही’ असे आले, तर त्या मालकाला ती अडचण सोसण्याजोगी वाटते आणि तो तुम्हाला पैसे देणार नाही; तुमचे सॉफ्टवेअर कितीही सुबक असो. उलट कोणी एका मुलाला फक्त फोन करून आठवण द्यायला बसवले असेल, तर त्या मुलाच्या पगाराएवढे पैसे तो या अडचणीवर आजच खर्च करतो आहे. या संभाषणात डेमो दाखवूच नये, निदान पहिली २० मिनिटे तरी. पडद्यावर काही दिसू लागले की माणूस आपल्या कामाबद्दल बोलायचे सोडून तुमच्या रंगसंगतीबद्दल बोलू लागतो.

आणि बोलण्यातून मिळालेले उत्तर खरे की खोटे हे तपासायचे कसे? समोरच्याने काही खर्च केले का, एवढेच पाहावे. पैसे हा सर्वांत स्पष्ट खर्च; पण आपली खरी माहिती तुमच्या हवाली करणे, आपल्या तंत्रज्ञाचा एक तास तुम्हाला देणे, व्यवसायातल्या दुसऱ्या माणसाशी स्वतः ओळख करून देणे, हेही खर्चच आहेत. ज्याने यांपैकी काहीही केले नाही त्याचे कौतुक वहीत शून्य म्हणून लिहावे. माझ्या हिशेबाने तुमच्या १३ जणांची बेरीज आज शून्य येते.

पैशांच्या बाबतीत प्रोग्रामर हमखास ताकाला जाऊन भांडे लपवतात. तुम्हीही प्रश्नात १४ डेमोंचे वर्णन केले आहे, पण किंमत किती सांगितली हे कुठेच लिहिलेले नाही, यावरून ती सांगितलीच नसावी. ‘आधी फुकट वापरू द्यावे, आवडले की मागू’ हा विचार उदार वाटतो, पण त्यातून तुम्हाला काहीही कळत नाही. फुकट वस्तू न वापरण्यामागे आळस असतो की निरुपयोगीपणा, हे वेगळे करता येत नाही. आकडा सांगावा आणि गप्प बसावे. हे गप्प बसणे मला दोन वर्षे जमले नव्हते. मी आकडा उच्चारून त्याच श्वासात ‘पण सुरुवातीला आपण निम्म्या दरात देऊ’ असे म्हणत असे, आणि समोरच्याने तोवर तोंडही उघडलेले नसे. शक्य असेल तर वर्षाचे पैसे आगाऊ मागावेत, सवलत द्यायचीच असेल तर त्यापोटी द्यावी. मासिक वर्गणीत गळतीचा हिशेब क्रूर असतो: दरमहा ५ टक्के ग्राहक सोडून गेले, तर १०० पैकी वर्षाच्या शेवटी ५४ उरतात. हा आकडा प्रोग्रामरला एका ओळीत काढता येतो, पण पहिल्या वर्षी तो काढून पाहणारा मला अजून भेटलेला नाही.

आता विक्रीच्या माणसाबद्दल. माझे स्पष्ट मत आहे की आज कोणालाही नेमू नये. कारण तुमच्याच भाषेत सांगतो. एखादी चूक शोधताना तुम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलता. आज तुमचे उत्पादन योग्य आहे की नाही हे ठाऊक नाही. त्यात ज्याचे कसब तुम्हाला पारखता येत नाही असा माणूस आणून बसवला, की विक्री न होण्याचे कारण माणूस की उत्पादन, हे कधीच कळणार नाही. तो बिचारा प्रामाणिक असला तरी महिनाअखेरीस काहीतरी दाखवायचे म्हणून नसलेल्या फीचरची आश्वासने देऊन येईल, आणि ती पुरी करायला तुम्ही पुन्हा कोडमध्ये बुडाल. शिवाय ग्राहकाचा आक्षेप ज्या शब्दांत येतो ते शब्द मोलाचे असतात. दुसऱ्याच्या तोंडून आलेल्या ‘त्यांना किंमत जास्त वाटली’ या वाक्यातून ते सारे गळून गेलेले असतात. पहिले ८-१० ग्राहक तुम्ही स्वतः आणावेत. तेच बोलणे लागोपाठच्या तीन-चार ठिकाणी चालते आहे असे दिसले, की मग ते दुसऱ्याला शिकवता येईल.

यात लाज किंवा कमीपणा मानण्यासारखे काही नाही. स्ट्राइपचे संस्थापक पॅट्रिक आणि जॉन कॉलिसन हे दोघेही प्रोग्रामर. कोणी ‘वापरून बघू’ म्हटले की दुवा पाठवून वाट पाहण्याऐवजी ते त्याचा लॅपटॉप मागून घेत आणि तिथल्या तिथे आपली पैसे स्वीकारण्याची प्रणाली जोडून देत. एअरबीएनबीच्या संस्थापकांनी २००९ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन, घरे भाड्याने देणाऱ्यांच्या दारोदार फिरून त्यांच्या खोल्यांची छायाचित्रे स्वतः काढली, कारण संकेतस्थळावरची छायाचित्रे पाहून तिथे राहावेसे कोणाला वाटत नव्हते. या गोष्टी यशस्वी झालेल्यांच्या आहेत, आणि असे दारोदार फिरूनही बुडालेल्यांची गणती कोणी ठेवलेली नाही, हे मला मान्य आहे. मी त्या सांगतो त्या यशाची कृती म्हणून नव्हे. ज्या तांत्रिक कंपन्यांकडे पाहून आपण घरबसल्या विक्रीची स्वप्ने पाहतो, त्यांची सुरुवात घरबसल्या झाली नव्हती, एवढेच त्यांतून घ्यावे.

फोन करण्याची जी धास्ती तुम्ही लिहिली आहे, ती जात नाही, कमी होते. मला एकच उपाय लागू पडला. सकाळी एडिटर उघडण्याआधी दोन फोन करायचे, आणि पहिली चार वाक्ये कागदावर लिहून समोर ठेवायची. दुपारनंतर करू म्हणून मागे ठेवलेला फोन माझ्याकडून कधीच झालेला नाही.

जुना कोड पुन्हा लिहावा का, या प्रश्नावर थोडक्यात बोलता येईल. लिहू नये. सगळ्यांना ठाऊक असलेले उदाहरण नेटस्केपचे. त्यांच्या ब्राउझरची ४.० आवृत्ती १९९७ मध्ये आली, नंतर जुना कोड बाजूला ठेवून नव्याने लिहिण्याचा निर्णय झाला, ५.० आलीच नाही, आणि ६.० आली ती नोव्हेंबर २००० मध्ये. तोवर मायक्रोसॉफ्टने मैदान मारले होते. त्यांच्याकडे गमावण्यासारखे वापरकर्ते तरी होते. तुम्ही गमावाल ते ७ पैकी ३ महिने, आणि ते अशा रचनेसाठी, जी पहिल्या पाच ग्राहकांनंतर बहुधा बदलावीच लागेल. तुम्ही एक लाख वापरकर्ते पेलण्याची आणि ९९.९९ टक्के उपलब्धतेची काळजी व्यक्त केली आहे. ९९.९ टक्के म्हणजे महिन्याला सुमारे ४३ मिनिटे सेवा बंद, ९९.९९ म्हणजे सुमारे ४ मिनिटे. शून्य ग्राहकांसाठी ही ३९ मिनिटे वाचवण्यात अर्थ नाही. मात्र चार गोष्टींत तडजोड करू नये: बॅकअप रोज व्हावा आणि तो एकदा तरी प्रत्यक्ष परत आणून पाहिलेला असावा; पासवर्ड हॅश करूनच, म्हणजे मूळ शब्द परत काढता येणार नाही अशा रूपात, साठवावेत; एका ग्राहकाची माहिती दुसऱ्याला कोणत्याही वाटेने दिसू नये; आणि पैशांची बेरीज फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या पद्धतीत, करू नये. बाकी सगळे कुरूप असले तरी चालेल. कुरूप कोड पाहून तुमच्या जिवाची तगमग होईल हे मला समजते. माझी आजही होते.

वेळेबद्दल एक व्यावहारिक सूचना. प्रोग्रामर आणि स्टार्टअप-गुंतवणूकदार पॉल ग्रॅहॅम यांनी २००९ मध्ये हे फार नेमके मांडले होते की प्रोग्रामरसारखे काम करणारे लोक अर्ध्या दिवसाच्या तुकड्यांत विचार करतात आणि व्यवस्थापक तासाच्या. त्यामुळे मध्येच आलेली एकच बैठक प्रोग्रामरची अख्खी दुपार खाऊन टाकते. संस्थापक झाल्यावर तुम्ही एकाच वेळी दोन्ही झालात. दोन्ही कामे एकाच दिवसात मिसळू नयेत. माझे आठवड्यातले तीन दिवस माणसांचे होते आणि दोन कोडचे, आणि माणसांच्या दिवशी मी कोडचा लॅपटॉप दुसऱ्या खोलीत ठेवत असे. हे पोरकट वाटेल, पण हार्डवेअरचा उपाय टिकला, निश्चयाचा टिकला नाही.

सहकाऱ्याचा विषय तुम्ही चाचरत काढला आहे. माझ्या मते सर्वांत आधी मिटवण्याजोगी गोष्ट तीच आहे, कारण ती जितकी लांबेल तितकी महाग पडेल. निम्मा-निम्मा हिस्सा मुळात चूक नाही. चूक ही आहे की अजून न दिलेल्या वेळेचा मोबदला आजच पूर्ण देऊन टाकला आहे. जगभर यासाठी रुळलेली पद्धत म्हणजे व्हेस्टिंग: हिस्सा ठरतो आज, पण तो हातात येतो ४ वर्षांत, आणि पहिले वर्ष पूर्ण होण्याआधी कोणी बाहेर पडले तर त्याला काहीच मिळत नाही. वर्ष पूर्ण झाले की एक चतुर्थांश एकदम मिळतो, आणि त्यापुढे दर महिन्याला अठ्ठेचाळिसावा भाग. ही अट दोघांनाही सारखी लागू हवी. माझ्या पहिल्या कंपनीत असा कागद नव्हता. एक भागीदार ९ महिन्यांनी सन्मानाने, भांडण न होता, दुसऱ्या शहरात निघून गेला आणि ४० टक्के हिस्सा त्याच्या नावावर राहिला. वर्षभराने एक गुंतवणूकदार सगळे कागद पाहून म्हणाले की जो माणूस इथे नाही त्याच्यासाठी मी पैसे का घालू? माझ्याकडे उत्तर नव्हते. भागीदाराचाही दोष नव्हता. त्याने फक्त जे मिळाले ते ठेवले.

बोलणे काढण्याची रीत अशी असावी. संदेश पाठवून किंवा कामाच्या फोनच्या शेवटी हे बोलू नये. समोरासमोर बसावे, आणि सुरुवात स्वतःपासून करावी. ‘समजा ५ महिन्यांनी माझे पैसे संपले आणि मला नोकरी धरावी लागली, तर माझ्या निम्म्या हिश्श्याचे काय व्हावे असे तुला वाटते?’ या प्रश्नाचे उत्तर तो अगदी न्यायबुद्धीने देईल, आणि तोच नियम त्यालाही लागू होतो हे तुम्हाला सांगावेही लागणार नाही. दुसरा प्रश्न त्याच्या नोकरीचा. तारीख मागू नये, अट ठरवावी: तीन ग्राहकांनी वर्षाचे पैसे भरले की त्याने राजीनामा द्यायचा, असे काहीतरी. तारखा सरकतात, अट पूर्ण झाली की नाही यावर वाद होत नाही. अट पूर्ण होऊनही तो आला नाही तर हिस्सा किती होईल, हेही त्याच कागदावर लिहावे. आणि हो, त्याच्या नोकरीच्या करारात त्याने बाहेर लिहिलेल्या कोडवर मालक हक्क सांगू शकतो असे कलम आहे का, तो मालकाचा लॅपटॉप तर वापरत नाही ना, हे वकिलाला दाखवून घ्यावे. कंपनीच्या नोंदणीआधी तुम्ही दोघांनी लिहिलेला कोडही लेखी स्वरूपात कंपनीच्या नावे करावा लागतो. हे कायदे देशोदेशी वेगळे असल्यामुळे मी त्यात जात नाही. पण वकिलाची ही एक बैठक टाळू नये.

शिल्लक ७ महिने पुरेल असे तुम्ही लिहिता. हातात धरावेत ४. व्यवसायांना विकताना पहिल्या बोलण्यापासून होकारापर्यंत दोन-तीन महिने सहज जातात, होकारानंतर बिल चुकते व्हायला आणखी एक-दोन, आणि नोकरी शोधायची वेळ आली तर तिलाही वेळ लागतो. म्हणून कोणत्या तारखेला, किती पैसे भरणारे ग्राहक नसतील तर थांबायचे, हे आजच ठरवून घरी सांगावे. शिल्लक संपल्यावर घेतलेला निर्णय घाबरून घेतलेला असतो. कार्यालयातल्या संदेशांसाठीचे स्लॅक हे सॉफ्टवेअर ज्या कंपनीतून निघाले तिने ग्लिच नावाचा ऑनलाइन खेळ बनवला होता. तो खेळ २०१२ च्या अखेरीस बंद केला तेव्हा गुंतवणूकदारांचे पैसे अजून शिल्लक होते, आणि म्हणूनच आपापसांत वापरायला बनवलेले संदेशांचे साधन हाती घेऊन, फेब्रुवारी २०१४ मध्ये ते सर्वांसाठी खुले करण्याइतका अवधी त्यांना मिळाला. दरम्यान हातखर्चासाठी बाहेरचे काम घ्यावेच लागले तर याच देखभाल-दुरुस्तीच्या व्यवसायातले घ्यावे, आठवड्यातले दोन दिवस, त्याहून अधिक नाही. त्या दोन दिवसांत त्यांचे कामकाज आतून दिसेल, जे डेमोत दिसत नाही.

राहता राहिला तो पंधरवड्याचा कार्यक्रम. १३ जणांना तूर्त सोडून द्यावे आणि हुज्जत घालणाऱ्या त्या मालकाला उद्या सकाळी फोन करावा. १४ जणांमध्ये स्वतःचा अर्धा तास खर्च करणारा तो एकटाच आहे, आणि तो ज्या स्प्रेडशीटची बाजू घेऊन भांडला ती त्याने स्वतः रकाना रकाना जोडत बनवलेली असणार, म्हणजे ही अडचण त्याला इतकी छळते की त्याने उपाय करून पाहिला आहे. त्याला म्हणावे की मागच्या वेळी मी ऐकून घेतले नाही, ती फाइल मला पाठवाल का. आली तर तिच्यातल्या नोंदी आयात करण्यासाठी कोड लिहायला बसू नये. रात्री बसून हाताने भराव्यात, म्हणजे कोणता रकाना कशासाठी आहे हे कळेल, आणि जिथे कळणार नाही तिथे विचारायला सकाळी पुन्हा फोन करता येईल. मग त्याच्या तंत्रज्ञांबरोबर एक पूर्ण दिवस गाडीत बसून फिरावे आणि ते नोंद कधी, कशावर आणि कोणत्या हाताने करतात ते पाहावे. दुसऱ्या हातात बहुधा पाना असेल. परत आल्यावर, फॉर्ममधले सक्तीचे रकाने मोजून, त्याला वर्षाचा आकडा सांगावा.